वैज्ञानिक सॉफ्टवेअरसाठी डेस्कटॉप निवडताना: आधी अडेलतट्टू शोधा

"विंडोज घेऊ, मॅक घेऊ की लिनक्स?" हा प्रश्न कुणी विचारला की मी उलट विचारतो, "चालवायचं काय आहे?" उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं: "पायथॉन, आर वगैरे." पायथॉन आणि आर कुठेही चालतात, त्यांची काळजी नाही. घोडं पेंड खातं ते त्या 'वगैरे'मध्ये. जुन्या उपकरणासोबत आलेला फाइल उघडण्याचा छोटा प्रोग्रॅम, कुणीतरी पीएचडी करताना लिहिलेला आणि पदवी मिळाल्यावर वाऱ्यावर सोडलेला कोड, डोंगल (यूएसबीत खोचायची लायसन्सची किल्ली) लावल्याशिवाय उघडतच नाही असं महागडं पॅकेज, हे सगळे त्या एका शब्दाआड दडून बसलेले असतात. मशीन घेऊन झालं की मग एकेक करून बाहेर येतात.

"आपल्याकडची सॉफ्टवेअरं बसवायचं तेवढं तू बघ" असं म्हणून हे काम ज्याच्या गळ्यात पडलंय, त्या नवख्या माणसासाठी हा लेख आहे. संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. टर्मिनल उघडून त्यात दिलेली ओळ चिकटवता आली तरी सुरुवातीला पुरे.

पायरी पहिली: यादी करा, पण ईमेलवर नाही

काय काय चालवायचं याची यादी सगळ्यांकडून मागवायची, असं वाटणं साहजिक आहे. मीही पहिल्यांदा तेच केलं. ईमेलला उत्तर म्हणून सहा नावं आली. मग एक सकाळ जो तो कामाला बसलेला असताना शेजारी खुर्ची टाकून बसलो, तर नावं झाली अकरा. लोक लबाडी करत नव्हते. रोज वापरातली गोष्ट सांगायची असते हे त्यांच्या लक्षातच येत नाही. त्या जादा पाचांपैकी एक होता उपकरणाची बायनरी फाइल साध्या मजकुरात बदलणारा इवलासा ३२ बिटांचा प्रोग्रॅम. त्याच्याशिवाय बाकीच्या दहांना खायलाच काही मिळालं नसतं.

ही गोष्ट किरकोळ नाही. मॅकओएसने २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून ३२ बिटांचे प्रोग्रॅम चालवणं पूर्ण बंद केलं. ६४ बिटांच्या विंडोजवर ३२ बिटांचे चालतात, पण त्याहून जुने १६ बिटांचे चालत नाहीत. म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम अख्ख्या खरेदीचा निकाल लावू शकतो.

प्रत्येक नावापुढे या गोष्टी लिहा: नेमकी आवृत्ती, आज ते कशावर चालतंय, ग्राफिक्स कार्ड लागतं का, एखादं उपकरण जोडावं लागतं का, आणि ते बंद पडलं तर कुणाचं काम थांबेल. आणखी एक रकाना हवाच, तो लायसन्सचा. लायसन्स कशाला बांधलेलं आहे? डोंगलला, लायसन्स सर्व्हरला, की मशीनच्या नेटवर्क कार्डाच्या पत्त्याला? हा शेवटचा प्रकार फार छळतो. मी एकदा बिघडलेलं नेटवर्क कार्ड बदललं आणि एक पॅकेज ठामपणे म्हणायला लागलं की हे मशीन माझं नाही. नवी लायसन्स फाइल यायला चार दिवस लागले आणि तेवढे दिवस एक जण माझ्याकडे बघून नुसता मान हलवत होता. लॅपटॉप डॉकला लावला की काढला, किंवा व्हर्च्युअल मशीनची (एका संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकाची) नक्कल काढली, तरी हा पत्ता बदलू शकतो. डोंगल असेल तर त्याच्या ड्रायव्हरचं पानही उघडून बघा. सॉफ्टवेअर नव्या सिस्टीमवर चालतं आणि डोंगलचा ड्रायव्हर मात्र चालत नाही, असंही होतं.

पायरी दुसरी: अडेलतट्टू कोण ते ओळखा

यादीतली बरीच मंडळी मवाळ असतात. आर, क्यूजीआयएस, फिजी, पॅराव्ह्यू, मॅटलॅब ही तिन्ही सिस्टीमवर सुखाने नांदतात. म्हणूनच या निर्णयात त्यांना मत नाही. निर्णय करतात ते एक किंवा दोन अडेलतट्टू, जे आपल्या जागेवरून हलत नाहीत.

आर्कजीआयएस प्रो फक्त विंडोजवर चालतं. ओरिजिनप्रोही विंडोजचंच. ॲन्सिस फ्लुएंट विंडोज आणि लिनक्सवर बसतं, मॅकवर नाही. जीवशास्त्रातली हजारो पॅकेजेस ज्यातून एका ओळीत बसवता येतात ते बायोकोंडा लिनक्स आणि मॅकसाठी आहे, थेट विंडोजसाठी नाही. मेंदूच्या एमआरआय चित्रांवर काम करणारं फ्रीसर्फर लिनक्स आणि मॅकचं. ओपनफोम लिनक्सवरच वाढलं, विंडोजवाले ते बहुतेक आडवाटेने चालवतात. आडवाटांबद्दल पुढे सांगतो.

आता 'चालतं' या शब्दाकडे जरा रोखून बघा. त्याचे तीन वेगळे अर्थ होतात. एक, त्या सिस्टीमसाठी डाउनलोड उपलब्ध आहे. दोन, प्रत्येक नवी आवृत्ती त्या सिस्टीमवर तपासून मगच बाहेर पडते. तीन, लिहिणारे स्वतः रोज त्याच सिस्टीमवर बसतात. तुम्हाला तिसरा अर्थ हवा असतो. विकणारे आणि उत्साही मित्र पहिला सांगतात.

तिसरा अर्थ ओळखायचा कसा? सॉफ्टवेअरचं बसवण्याच्या सूचनांचं पान उघडा. कुठल्या सिस्टीमचं नाव आधी आहे? लिनक्ससाठी दोन ओळी आणि विंडोजसाठी "आधी हा कंपायलर बसवा, मग ही लायब्ररी स्वतः बांधा, मग हा पथ जोडा" असा अर्धा पानभर मजकूर असेल, तर लिहिणारा कुठे राहतो ते कळलं. मग तयार फाइल्सच्या तारखा बघा. लिनक्सची फाइल गेल्या महिन्याची आणि मॅकची तीन वर्षांपूर्वीची असेल, तर मॅकची बाजू सांभाळणारा माणूस निघून गेलाय, एवढं समजा. शेवटी तक्रारींची यादी चाळा. तुमच्या सिस्टीमच्या तक्रारींना उत्तरं मिळतायत, की त्या तशाच उघड्या पडून आहेत? या तिन्ही गोष्टी बघायला वीस मिनिटं लागतात.

माझा नियम साधा आहे. सगळ्यात हट्टी सॉफ्टवेअरचे लेखक जिथे राहतात, त्या गावात घर करा. पडद्यावरची चिन्हं कुणाची सुंदर आणि माझ्या सवयीचं काय, हे प्रश्न त्याच्या नंतरचे. मला स्वतःला लिनक्स आवडतं, ते लपवत नाही, पण विंडोजचाच हट्ट धरणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी मी मुकाट्याने विंडोज बसवलंय.

पायरी तिसरी: उपकरणाचं मशीन वेगळं ठेवा

सूक्ष्मदर्शक, स्पेक्ट्रोमीटर, क्रोमॅटोग्राफ असं काही जोडलेलं असेल, तर बहुतेक वेळा निवडीचा प्रश्नच उरत नाही. उपकरणाचा निर्माता ड्रायव्हर देतो तो विंडोजसाठी, आणि तोही ठरावीक आवृत्तीसाठी. उपकरण पंधरा-वीस वर्षं चालतं, सिस्टीम तेवढी टिकत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि त्या दिवशी विंडोज १० वर चालणाऱ्या उपकरणांना काही झालं नाही. ती आदल्या दिवशीसारखीच मापं घेत राहिली.

म्हणून अशा मशीनला फक्त उपकरण चालवू द्या. त्यावर विश्लेषण करू नका, ब्राउझर उघडू नका, निर्मात्याने सांगितल्याशिवाय सिस्टीम बदलू नका. शक्य असेल तर ते इंटरनेटपासून तोडून ठेवा आणि डेटा आतल्या नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर घ्या. डिस्कची पूर्ण प्रतिमा काढून बाजूला ठेवा, कारण ती डिस्क एक दिवस जाणार आहे आणि सॉफ्टवेअरची मूळ सीडी तेव्हा कुणालाही सापडणार नाही. विश्लेषणाचं मशीन मग तुम्ही मोकळेपणाने निवडू शकता. एकाच डब्यावर दोन्ही कामं करायचा मोह खर्च वाचवण्यापोटी होतो. नंतर पायथॉनची एखादी लायब्ररी अद्ययावत करताना हात थरथरायला लागतो.

पायरी चौथी: प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड

इथे मॅकवाल्यांना थोडं कडू ऐकावं लागेल. वैज्ञानिक गणनेतला फार मोठा कोड एनव्हिडियाच्या कूडावर, म्हणजे त्या कंपनीच्या ग्राफिक्स कार्डांवर गणना करण्याच्या व्यवस्थेवर, लिहिलेला आहे. रेण्विक गतिकी असो, डीप लर्निंगची न्यूरल जाळी असोत किंवा प्रतिमांची पुनर्रचना असो. मॅकला पाठिंबा देणारी कूडाची शेवटची आवृत्ती १०.२ होती, ती २०१९ ची. त्यानंतर नाही. तुमच्या यादीत 'कूडा हवं' असा शेरा एका नावापुढे जरी असला, तरी मॅक बाद.

२०२० च्या नोव्हेंबरात एम१ चिप आली तेव्हापासून मॅक आर्म प्रकारच्या प्रोसेसरवर गेले. इंटेलसाठी बांधलेले प्रोग्रॅम रोझेटा नावाचा दुभाषा चालवून देतो आणि आश्चर्य वाटावं इतकं चांगलं चालवतो. पण दुभाषावर संसार मांडू नये. ॲपलने रोझेटा हळूहळू आटोपता घेणार असल्याचं जाहीर केलेलं आहे. यादीतलं प्रत्येक सॉफ्टवेअर आर्मसाठी थेट बांधलेलं मिळतं का ते बघा. मॅटलॅब आर२०२३बी पासून तसं मिळतं, बऱ्याच छोट्या वैज्ञानिक प्रोग्रॅमांचं मात्र अजून झालेलं नाही.

मॅकच्या बाजूनेही बोलायला हवं. मुख्य मेमरी आणि ग्राफिक्सची मेमरी एकच असल्यामुळे मोठी चित्रं किंवा मोठी मॉडेलं आत मावतात, मशीन शांत असतं, आणि खाली युनिक्स असल्यामुळे टर्मिनलची कामं लिनक्ससारखीच होतात. एकच खोच आहे. ॲपलच्या ग्राफिक्समध्ये मेटलमधून (ॲपलच्या स्वतःच्या ग्राफिक्स-व्यवस्थेतून) दुहेरी अचूकतेची, म्हणजे ६४ बिटांची दशांश गणना करता येत नाही. पायटॉर्च या पायथॉनच्या लायब्ररीत तसा डेटा त्या कार्डावर पाठवायला गेलात तर सरळ चूक दाखवली जाते. चित्रं ओळखायला याने काही बिघडत नाही, कक्षांची गणितं किंवा क्वांटम रसायनशास्त्र करायचं तर बिघडतं.

एनव्हिडियाचं कार्ड घेतलं म्हणजे झालं, असंही नाही. खेळांसाठी विकली जाणारी अलीकडची कार्डं दुहेरी अचूकतेत एकेरीच्या ६४ व्या भागाइतक्या वेगाने काम करतात. जाहिरातीतला आकडा एकेरी अचूकतेचा असतो. आपलं सॉफ्टवेअर कुठली अचूकता वापरतं हे त्याच्या माहितीपुस्तिकेत शोधा आणि मगच कार्डावर पैसे घाला.

आर्म प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉपही आता दिसतात. साधे प्रोग्रॅम त्यांच्यावर दुभाषामार्फत चालतात, पण ड्रायव्हरना दुभाषा नाही. ड्रायव्हर आर्मसाठीच बांधलेला असावा लागतो. डोंगल किंवा उपकरण असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

पायरी पाचवी: लिनक्स ठरलं, तर कुठलं?

नवखे इथे आठवडा घालवतात आणि त्यातला बराचसा वॉलपेपर बघण्यात जातो. खरं तर दोनच प्रश्न आहेत. किती वर्षं टिकायला हवं, आणि ज्या मोठ्या मशीनवर काम पाठवणार त्यावर काय आहे?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. टॉप५०० यादीतले सगळे ५०० महासंगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवरच आहेत. तुमच्या संस्थेच्या क्लस्टरवरही (एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांच्या सामायिक मशीनवरही) तेच असण्याची शक्यता दांडगी. क्लस्टरवर रेड हॅटच्या कुळातलं काही असेल तर टेबलावर रॉकी किंवा अल्मा घ्या, उबुंटू असेल तर उबुंटू. एकाच कुळातलं घेतलं की डेस्कवर जुळवलेली स्क्रिप्ट तिकडे कमी कटकटीत चालते.

टिकण्याचं म्हणाल तर उबुंटूची दीर्घ पाठिंब्याची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते, २२.०४, २४.०४ अशी, आणि तिला पाच वर्षं नियमित सपोर्ट मिळतो. मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. त्या कामाच्या मशीनवर बसवू नका, कितीही नव्या असल्या तरी. रॉकी आणि अल्मा दहा वर्षांचं वचन देतात. वचनांबद्दल एक आठवण ठेवा. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत सपोर्ट मिळेल म्हणून अनेकांनी ते बसवलं आणि २०२० च्या डिसेंबरात जाहीर झालं की ते ३१ डिसेंबर २०२१ ला संपणार. त्या वेळी हळहळलेल्यांत मीही होतो. फर्मीलॅबने चालवलेलं सायंटिफिक लिनक्स ७ व्या आवृत्तीवर थांबलं आणि ३० जून २०२४ ला त्याचाही सपोर्ट संपला. जुन्या लेखांत त्याची शिफारस अजून सापडते. नावाला भुलू नका.

आता एक तांत्रिक गोष्ट, जी कळली तर निम्मी डोकेदुखी वाचेल. लिनक्सवर जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम ग्लिबसी नावाच्या पायाभूत लायब्ररीवर उभा असतो. जुन्या ग्लिबसीवर बांधलेला प्रोग्रॅम नव्यावर चालतो, नव्यावर बांधलेला जुन्यावर चालत नाही. उबुंटू २०.०४ मध्ये ग्लिबसी २.३१ आहे, २२.०४ मध्ये २.३५, २४.०४ मध्ये २.३९. सहकाऱ्याने आपल्या २२.०४ वर प्रोग्रॅम बांधून पेनड्राइव्हवर दिला, तुम्ही तो २०.०४ वर उघडला, आणि 'ग्लिबसी २.३४ सापडली नाही' अशा अर्थाची ओळ आली, तर फाइल खराब नाही आणि तुमचं काही चुकलेलंही नाही. ती लायब्ररी नेटवरून उतरवून सिस्टीममध्ये कोंबायला मात्र जाऊ नका. अख्खी सिस्टीम तिच्यावर उभी आहे, पुढच्या वेळी लॉगिनसुद्धा होणार नाही. प्रोग्रॅम जुन्या सिस्टीमवर पुन्हा बांधून मागा किंवा कंटेनर वापरा (तो काय ते सहाव्या पायरीत सांगतो). तुम्ही स्वतः इतरांना बांधून देणार असाल, तर मंडळींपैकी ज्याची सिस्टीम सगळ्यात जुनी, तिच्यावर बांधा.

एनव्हिडियाचा ड्रायव्हर वितरणाच्या (उबुंटू, रॉकी, जे घेतलं असेल त्याच्या) स्वतःच्या भांडारातूनच घ्या. उतरवलेली फाइल हाताने चालवलीत तर कर्नल (सिस्टीमचा गाभा) अद्ययावत झाल्यावर एक दिवस काळा पडदा भेटतो. सिक्युअर बूट (सही नसलेला कोड मशीन सुरू होताना अडवणारी सोय) चालू असेल तर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या सुरुवातीला निळ्या पडद्यावर तो परत विचारतात. घाईत तो पडदा ओलांडला की ड्रायव्हर बसूनही चढत नाही.

पायरी सहावी: दोन अडेलतट्टू आणि विरुद्ध तोंडं

आर्कजीआयएस प्रो पण हवं आणि बायोकोंडा पण, असं झालं तर? पैसे असतील तर दोन मशीनं घ्या, हा सगळ्यात शांत मार्ग. नाहीतर विंडोजच्या पोटात लिनक्स, म्हणजे डब्ल्यूएसएल. २०१६ मध्ये ते आलं तेव्हा अर्धवट होतं. २०१९ मधल्या दुसऱ्या आवृत्तीपासून त्यात खरा लिनक्स कर्नल आहे आणि ते कामाचं झालंय.

तीन गोष्टी सांभाळल्या तर ते त्रास देत नाही. डेटा लिनक्सच्या बाजूच्या होम फोल्डरात ठेवा. लिनक्समधून सी ड्राइव्हवरच्या फाइल्स वाचणं फार संथ असतं आणि हजारो छोट्या फाइल्स असल्या तर विचारूच नका. ग्राफिक्सचा ड्रायव्हर फक्त विंडोजमध्ये बसवा, आतल्या लिनक्समध्ये वेगळा घालू नका, आतल्या कूडाला बाहेरचाच पुरतो. आणि त्याला मशीनची निम्मीच मेमरी मिळते, तसं गृहीत धरलेलं असतं. ३२ जीबीच्या मशीनवर १६ जीबीला प्रोग्रॅम मरत असेल तर दोष प्रोग्रॅमचा नाही, सेटिंगची फाइल बदला. यूएसबीची उपकरणं आणि डोंगलं मात्र आत सहज पोचत नाहीत.

कंटेनर ही दुसरी आडवाट. सॉफ्टवेअर आणि त्याच्या सगळ्या लायब्ररी एका पेटीत बंद करून पेटीच हलवायची. पेटीच्या आत लिनक्सच असतं, त्यामुळे डॉकर हे पेट्या चालवणारं साधन विंडोज आणि मॅकवर आधी गुपचूप एक लिनक्सचं व्हर्च्युअल मशीन चालू करतं. म्हणजे मेमरी तिकडेही जाते, आणि मॅकचं ग्राफिक्स कार्ड पेटीच्या आत मिळेल अशी आशा धरू नका. सामायिक क्लस्टरवर डॉकर सहसा चालू देत नाहीत, तिथे ॲपटेनर हे तसंच दुसरं साधन असतं. डॉकरची पेटी ॲपटेनरला वाचता येते, त्यामुळे केलेलं काम वाया जात नाही.

पायरी सातवी: उत्तर तेच येतंय का?

प्रोग्रॅम उघडला, चाललं, संपलं, म्हणजे बसवणं झालं असं बहुतेक जण समजतात. मी तसं समजत नाही. सिस्टीम बदलली की उत्तर बदलू शकतं, आणि कुठलीही चूक न दाखवता बदलू शकतं.

एक उदाहरण जवळून बघू. नमपाय या पायथॉनच्या गणिती लायब्ररीच्या यादीत ५०,००० हा आकडा ठेवा आणि त्याचा वर्ग करा. लिनक्सवर उत्तर येतं २,५०,००,००,०००. तीच ओळ विंडोजवर, नमपायच्या दुसऱ्या आवृत्तीच्या आधीच्या काळात, उणे १,७९,४९,६७,२९६ द्यायची. कारण विंडोजवर पूर्णांक न सांगता ३२ बिटांचा धरला जायचा आणि त्यात २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे मावत नाही. मावलं नाही की आकडा गोल फिरून उणे बाजूने वर येतो. २०२४ मध्ये आलेल्या नमपाय २.० ने हे दुरुस्त केलं. पण जुन्या आवृत्तीला बांधलेली पॅकेजेस अजून वापरात आहेत, आणि वर्ग उणे आला तर निदान डोळ्यांना खुपतो तरी. बेरजेत मुरलेला असा आकडा कुणाला दिसणार?

रसायनशास्त्रात याहून गाजलेला प्रकार झाला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेली पायथॉनची एक स्क्रिप्ट एनएमआरच्या (रेणूची रचना ओळखण्याच्या एका तंत्राच्या) मापांसाठी अनेक जण वापरत होते. २०१९ मध्ये संशोधकांच्या लक्षात आलं की त्याच फाइल्सवर ती विंडोज १० वर १७३.२ सांगते आणि उबुंटू १६ वर १७२.४. गणित बरोबर होतं. फोल्डरमधल्या फाइल्स सिस्टीम ज्या क्रमाने देईल तो क्रम वर्णानुक्रम असेल, असं लिहिणाऱ्याने धरून चाललेलं होतं. प्रत्येक सिस्टीमचा क्रम वेगळा. उपाय एका शब्दाचा होता, यादी आधी क्रमाने लावून घ्यायची. फ्रीसर्फरबद्दलही २०१२ च्या एका अभ्यासात दिसलं होतं की सॉफ्टवेअरची आवृत्ती, मशीनचा प्रकार आणि सिस्टीमची आवृत्ती बदलली की मेंदूच्या भागांची मापं बदलतात. अभ्यास मधेच सोडून सिस्टीम बदलू नका, असा सल्ला त्यांनी दिला. तो मी डोळे झाकून पाळतो.

म्हणून एक छोटं, दहा मिनिटांत संपणारं उदाहरण निवडा, ज्याचं उत्तर जुन्या मशीनवर खात्रीचं आहे. नव्या मशीनवर तेच चालवा आणि आकडे शेजारी शेजारी ठेवा. शेवटच्या एक-दोन दशांश स्थानांत फरक येईल, तो स्वाभाविक आहे. त्याहून वर सरकला तर सगळं थांबवून कारण शोधा.

पायरी आठवी: एकच मशीन घ्या आणि छळा

दहा मशीनं घ्यायची असली तरी आधी एकच घ्या आणि दोन आठवडे खऱ्या कामाला लावा. छळायचं ते असं.

वापरकर्त्याचं नाव मुद्दाम मधे जागा सोडून किंवा देवनागरीत ठेवून बघा. एका जुन्या पॅकेजने माझे दोन दिवस असेच खाल्ले. होम फोल्डरच्या नावात मोकळी जागा होती आणि तिथून पुढचा पथ ते वाचतच नव्हतं. चूक दाखवत होतं लायसन्सची! तेव्हापासून मी कामाच्या मशीनवर नाव लहान रोमन अक्षरांत आणि सलग ठेवतो. विंडोजवर पथाची जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे, ती सेटिंगमधून उठवता येते पण प्रत्येक प्रोग्रॅम ते मानत नाही. तेव्हा डेटा सी ड्राइव्हच्या तोंडाशीच एका छोट्या नावाच्या फोल्डरात ठेवा. लिनक्सवर लहान आणि मोठी रोमन अक्षरं वेगळी धरतात, विंडोज आणि मॅक सहसा धरत नाहीत. फक्त अक्षराच्या आकाराने वेगळ्या असलेल्या दोन फाइल्स तिकडे नेल्या की एक दुसरीवर बसते.

शुक्रवारी संध्याकाळी तीन दिवस चालणारी गणना लावून घरी जा. सोमवारी ती चालू आहे का? विंडोजमध्ये 'या वेळात मशीन पुन्हा सुरू करू नको' असं जास्तीत जास्त १८ तासांसाठीच सांगता येतं. तीन दिवसांच्या गणनेला तेवढं पुरत नाही, म्हणून अपडेट आधीच पुढे ढकलून ठेवा. झोपी जाण्याची सेटिंग तिन्हीकडे तपासा. आणि सॉफ्टवेअरला मधे मधे स्थिती जतन करता येत असेल तर ती सोय पहिल्याच दिवशी चालू करा.

विंडोज घेतलंत तर प्रो घ्या. होममध्ये दुसरीकडून रिमोट डेस्कटॉपने आत शिरता येत नाही आणि रात्री अकराला गणना बघायची वेळ येतेच. मॅकवर नोटरी न झालेला, म्हणजे ॲपलने तपासून शिक्का न मारलेला, प्रोग्रॅम उघडायला २०२४ च्या सेक्वोया आवृत्तीपासून सेटिंगमधल्या गोपनीयतेच्या पानावर जाऊन परवानगी द्यावी लागते. संशोधकांनी लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमांत असे बरेच निघतात, तेव्हा लोकांना ते आधीच दाखवून ठेवा, नाहीतर प्रत्येक जण तुमच्याच दारात येईल.

हे सगळं करताना कुठल्या क्रमाने काय बसवलं, कुठली सेटिंग बदलली, कुठली आवृत्ती, सपोर्ट कुठल्या तारखेला संपतो, सगळं एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहीत जा. दोन आठवडे झाले की मशीन पूर्ण पुसा. मग ती फाइल ज्याने यातलं काहीच बसवलेलं नाही अशा सहकाऱ्याच्या हातात द्या आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत जाऊन बसा. तो जिथे अडून तुम्हाला हाक मारेल, ती ओळ लिहायची राहिली आहे.